ख्रिस्ती नसलेल्या मित्रांसाठी प्रार्थना: नावे सभेत वाचावीत का?

शाहूपुरीकर

सर्वांना सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघात सध्या एका सूचनेवर विचार चालू आहे. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत प्रत्येकाने आपल्या ख्रिस्ती नसलेल्या मित्रमैत्रिणींची नावे कागदावर लिहून द्यावीत, ती सर्वांसमोर वाचली जावीत, संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकावीत आणि त्यांच्या तारणासाठी, म्हणजे ख्रिस्ताद्वारे त्यांच्या आत्म्याचा उद्धार व्हावा म्हणून, वर्षभर एकत्र प्रार्थना करावी, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. बायबलमधील, प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सर्व माणसांसाठी विनंत्या आणि उपकारस्तुती करण्यास सांगितले आहे आणि लगेच पुढे, सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचेही लिहिले आहे. त्यामुळे मित्रांसाठी प्रार्थना करावी की करू नये, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. ती कोणाच्या कानांवर पडेल अशा रीतीने करावी आणि तिच्यात काय मागावे, एवढ्याचाच विचार मला येथे करावयाचा आहे.

माझे मत आधीच सांगतो. मित्रासाठी जी प्रार्थना मी त्याच्या पाठीमागे करतो, ती तो शेजारी बसलेला असताना मला मोकळेपणाने उच्चारता आली पाहिजे. जी तशी उच्चारता येत नाही, तिच्यात मैत्रीला न शोभणारे काहीतरी शिरलेले असते. कधी ती त्याच्या घरच्या देवाधर्माविषयीची तुच्छता असते, तर कधी आपल्या सेवेचे फळ मोजून दाखवण्याची घाई असते.

कोल्हापुरात आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. शाळेचा बाक, तालमीतली माती, कामाच्या ठिकाणचा डबा, रंकाळ्यावरची संध्याकाळ या सगळ्यांत आपले सोबती बहुतेक हिंदू, मुसलमान, जैन किंवा लिंगायत असतात. नाताळला आपल्या घरचा फराळ त्यांच्याकडे जातो आणि दिवाळीला त्यांचा आपल्याकडे येतो. ज्या माणसाच्या आईला आपण वर्षानुवर्षे काकू म्हणत आलो, त्याचे नाव त्याला नकळत एखाद्या यादीत जावे, हे मला पटत नाही. दुसरीकडे, ज्या प्रभूवर माझे जीवन उभे आहे त्याच्यापुढे माझ्या जवळच्या मित्राचे नाव मी कधी घेतच नाही, असे होणेही मला तितकेच चुकीचे वाटते. वडीलधाऱ्यांनी आणि अनुभवी सेवकांनी आपले विचार सविस्तर मांडावेत, अशी विनंती आहे.

एक_उपासक

शाहूपुरीकर, आपण प्रश्न काळजीपूर्वक मांडला आहे. म्हणून उत्तरही तसेच देतो.

हल्ली आपल्यात एक संकोच वाढीला लागला आहे. मित्राच्या नोकरीसाठी, परीक्षेसाठी, आजारपणासाठी आपण प्रार्थना करतो; परंतु त्याला ख्रिस्ताची ओळख व्हावी, हे मागताना आपली जीभ अडखळते. पौलाची अडखळत नव्हती. रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभीच तो सांगतो की, आपल्या यहूदी बांधवांचे तारण व्हावे ही आपल्या मनाची इच्छा आणि देवाजवळची विनंती आहे. आणि त्याच्या आधीच्या अध्यायात तर त्यांच्याबद्दलच्या दुःखाने आपले अंतःकरण कसे पोळते, हेही त्याने लपवलेले नाही. जे मला सर्वांत मोलाचे वाटते, तेच मित्रासाठी मागायचे नाही, ही कसली मैत्री?

प्राचीन काळातील थोर ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन याची आई मोनिका हिचे उदाहरण घ्या. मुलगा मानीपंथीयांच्या, म्हणजे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांच्या, नादी लागला, तेव्हा ती वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत राहिली. शेवटी 387 साली मिलान येथे तेथील बिशप (धर्माध्यक्ष) अँब्रोझ यांच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. तिने फक्त मुलाच्या आरोग्यासाठी आणि सुबत्तेसाठी मागितले असते, तर तिचे मातृत्व अपुरे राहिले असते.

नावे वाचण्याबद्दल म्हणाल, तर ज्याचे नाव घेतले जात नाही त्याचा विसर पडतो. 'सर्व लोकांसाठी' अशी मोघम प्रार्थना करणाऱ्या सभा मी खूप पाहिल्या आहेत. त्या सभांतून उठून कोणी कोणाच्या दारात गेल्याचे मला आठवत नाही.

निवृत्त_परिचारिका

माझी सगळी नोकरी मिशनच्या रुग्णालयात झाली. आमच्याकडे शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होत असे. रुग्ण बहुतेक खेड्यांतून आलेले, हिंदू आणि मुसलमान. या विषयाकडे मी त्या अनुभवातून पाहते.

टेबलावर झोपवलेल्या, हाताला सलाईन लावलेल्या माणसाला "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" असे विचारले, तर तो नाही म्हणू शकत नाही. ज्यांच्या हाती आपला जीव आहे, त्यांना दुखवायला कोण धजेल? म्हणून माझ्या वरिष्ठ सिस्टरांनी मला शिकवले होते की, विचारायचे असेल तर आदल्या संध्याकाळी विचारावे, घरचे माणूस जवळ असताना विचारावे आणि उत्तर 'नको' असे आले, तर दुसऱ्या दिवशी त्या रुग्णाची चादर आणखी काळजीने बदलावी. 'नको' म्हणणाऱ्याच्या वाट्याला तसूभरही कमी सेवा येता कामा नये, असा त्यांचा कटाक्ष होता. अशा वेळी आम्ही मनातल्या मनात शल्यविशारदाच्या हातांसाठी प्रार्थना करत असू. तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

जे लोक 'हो' म्हणत, त्यांना मी आणखी एक प्रश्न विचारत असे: "देवाजवळ काय मागू?" उत्तरे ऐकण्यासारखी असत. पोटाचे मोठे ऑपरेशन असलेल्या एका आजोबांनी स्वतःबद्दल काहीही न मागता, उसाला वेळेवर तोड मिळू दे, एवढेच मागायला सांगितले. कारण ऊस शेतात वाळला, तर रुग्णालयाचे बिल भागणार नव्हते. मी तेच मागितले. माझ्या मनाने ठरवून मागितले असते, तर त्या माणसाच्या उशाशी बसलेली खरी काळजी मला कळलीच नसती.

तेव्हा एक_उपासक यांच्याशी मी अर्धी सहमत आहे. नाव घ्यावे, परंतु ज्याचे नाव घ्यायचे, त्याच्याशी आधी बोलावे.

करवीरकन्या

मी ख्रिस्ती नाही. माझे माहेर मंगळवार पेठेतले. घरात अंबाबाईची भक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. माझी सर्वांत जवळची मैत्रीण ख्रिस्ती आहे आणि हा धागा तिनेच मला वाचायला पाठवला. येथे लिहिलेले चालेल ना, असे तिला विचारूनच लिहिते आहे.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा ती रोज येत असे. एके दिवशी तिने विचारले, "काकांसाठी प्रार्थना करू का?" आईने मान हलवली. तिने वडिलांचा निकामी झालेला हात आपल्या हातात घेतला आणि अगदी साध्या मराठीत, आईला धीर मिळावा, रात्री झोप लागावी, वडिलांना पुन्हा बोलता यावे, असे मागितले. शेवटी येशूचे नाव घेतले. आम्हांला त्यात काहीच खटकले नाही. तिचा देव कोणता हे आम्हांला ठाऊकच होते. तिने तो लपवावा, अशी आमची अपेक्षाही नव्हती.

परंतु त्याच मैत्रिणीने माझे नाव चाळीस अनोळखी माणसांच्या ग्रुपवर, वडिलांच्या आजारासह, टाकले असते आणि मी कधी बदलेन याची ते सगळे वाट पाहत आहेत, असे मला नंतर समजले असते, तर मला फसवल्यासारखे वाटले असते. तिने त्या दुपारी धरलेला हातसुद्धा मग मला वेगळा वाटू लागला असता.

आणखी एक विचारते आणि ते मनापासून विचारते. तिच्या मुलाचे ऑपरेशन होते, तेव्हा मी देवीची ओटी भरली होती आणि तिला तसे सांगितलेही होते. तिने डोळ्यांत पाणी आणून माझे आभार मानले. आपण आमच्यासाठी प्रार्थना करता, तशी आमची प्रार्थना आपण स्वीकारता का?

शाहूपुरीकर

करवीरकन्या, आपण लिहिलेत याचा फार आनंद झाला. आपल्या शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणे, हा आपला अपमान ठरेल. म्हणून स्पष्ट लिहितो.

आम्ही येशू ख्रिस्ताच्या नावाने पित्याजवळ मागतो आणि तोच एक मध्यस्थ आहे, अशी आमची श्रद्धा आहे. म्हणून ओटी भरण्यात किंवा आरतीत मी आपल्याबरोबर सहभागी होऊ शकणार नाही. परंतु आपल्या मैत्रिणीच्या मुलासाठी आपण देवळाच्या पायऱ्या चढलात, ते प्रेम मी दोन्ही हातांनी स्वीकारतो. शुभवर्तमानांत प्रभूने ज्यांच्या विश्वासाचे भरभरून कौतुक केले, त्यांत एक रोमी शताधिपती (सैन्यातला अधिकारी) आणि एक कनानी आई आहे. दोघेही इस्राएलाबाहेरचे होते आणि दोघेही स्वतःसाठी काही मागत नव्हते. एक आपल्या चाकरासाठी आला होता, दुसरी आपल्या मुलीसाठी. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी धावणाऱ्या माणसाला प्रभूने कोठेही हिणवलेले नाही, मग मी कोण हिणवणार?

जुनी_पाने

कोल्हापूरकरांच्या चर्चेत या गोष्टीची आठवण झालीच पाहिजे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली येथेच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत प्रिन्स्टन येथे राहावयास गेले. रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस यांनी तेथील घरी नेमाने प्रार्थना सुरू केली. परदेशांतील सेवेसाठी विद्यार्थ्यांनी पुढे यावे, हे त्या प्रार्थनेचे मागणे होते. 1886 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील माउंट हर्मन येथे धर्मोपदेशक ड्वाइट मूडी यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांचे शिबिर भरले आणि ते संपेपर्यंत शंभर तरुणांनी आपली तयारी दर्शवली. त्यातूनच 1888 साली विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ रीतसर उभी राहिली आणि तिने पुढे हजारो तरुण जगभर पाठवले. त्या चळवळीच्या मुळाशी कोल्हापुरात वाढलेल्या भावाबहिणीची प्रार्थना आहे.

त्या प्रार्थनेत एक विशेष आहे. मागताना त्यांनी स्वतःला वगळले नाही. ग्रेस स्वतः भारतात परत आली आणि याच भागात तिने सेवा केली. रॉबर्टही पुढे भारतात येऊन विद्यार्थ्यांमध्ये काम करून गेला. मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी प्रभू शिष्यांना, पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत म्हणून प्रार्थना करण्यास सांगतो आणि दहाव्या अध्यायात त्याच बारा जणांना पाठवतो. मित्राचे नाव घेऊन प्रार्थना करणाऱ्याने हे ओळखून असावे की, देव त्या मित्राला बदलण्याआधी प्रार्थना करणाऱ्यालाच उठवून त्याच्या दारात उभे करू शकतो.

दुसरी गोष्ट 1910 सालची. एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या या भारतीय सेवकाने पाश्चात्त्य मिशनऱ्यांना उद्देशून भाषण केले. आपण गरिबांना अन्न दिलेत, आपली शरीरेही अर्पण केलीत, आता आम्हांला मित्र द्या, असा त्याचा आशय होता. दोनच वर्षांनी ते दोर्णकलचे बिशप, म्हणजे अँग्लिकन मंडळीचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांची तक्रार मिशनरी आणि देशी ख्रिस्ती यांच्या संबंधांविषयी होती, हे खरे. परंतु ती आज आपल्याला आपल्या शेजाऱ्यांच्या बाबतीत लागू पडते. सेवा होते, प्रार्थना होते आणि मैत्री मात्र राहून जाते, असे आपल्याकडेही घडू शकते.

एक_उपासक यांनी मोनिकेचे उदाहरण दिले, त्यातला एक भाग राहून गेला आहे. तिने एका बिशपला विनंती केली होती की, माझ्या मुलाशी वाद घालून त्याची चूक त्याला दाखवून द्या. त्या बिशपने नकार दिला. त्याला आहे तसा राहू द्या, त्याच्यासाठी प्रभूजवळ फक्त प्रार्थना करा, असा सल्ला दिला. आणि ती ऐकेना, तेव्हा इतक्या अश्रूंचा पुत्र नाश पावणे शक्य नाही, असे म्हणून तिला निरोप दिला. प्रार्थना भरपूर आणि दबाव शून्य, असे ते मार्गदर्शन होते.

आपल्या मराठी मंडळीतही हेच दिसते. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, त्यांची स्वतःची खात्री पटल्यावर. टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस 1917 साली 'देवाचा दरबार' सुरू केला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. माणसाच्या आत देव काय करत आहे याचा हिशेब बाहेरून मांडण्याची घाई त्यांनी केली नाही.

पंचगंगाकाठ

2019 च्या ऑगस्टमधला महापूर सर्वांना आठवत असेल. प्रयाग चिखलीतले आमच्या वडिलांचे मित्र सहकुटुंब आमच्या घरी राहायला आले होते. माणसे होडीतून निघाली. म्हशींचे दावे कापून त्यांना मोकळे सोडून यावे लागले होते. घरातल्या आजी जेवत नव्हत्या.

आमच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते. पाहुण्यांपुढे ती करावी की आतल्या खोलीत, असा आईला प्रश्न पडला. वडिलांनी त्यांना सरळ सांगितले की, आमचा असा नेम आहे, आपण बसलात तरी आनंद आहे आणि गच्चीत गेलात तरी चालेल. सगळे बसले. वडिलांनी पाणी उतरण्यासाठी, गावात अडकलेल्या माणसांसाठी, बचावकार्य करणाऱ्या जवानांसाठी मागितले आणि मग एकेका म्हशीचे नाव घेतले. नावे त्यांनी दुपारीच आजींकडून विचारून घेतली होती. दुसऱ्या दिवशी वडील मदतकार्यासाठी बाहेर गेल्यामुळे मोठ्या भावाने प्रार्थना केली, ती आटोपशीर झाली. 'आमेन' म्हटल्याबरोबर आजी म्हणाल्या, "आन् म्हशींचं काय मागितलं न्हाईसा?"

ते कुटुंब आजही हिंदूच आहे. आमच्या घरी कोणाला काही दुखलेखुपले की, त्यांचा पहिला फोन येतो. वडील आजही रोज त्यांची नावे घेतात आणि प्रभूने त्यांना आपली ओळख द्यावी, असेही मागतात. त्यांच्यासमोर मागतात. वडिलांच्या मित्राने एकदा त्यांना विचारले होते, "तुझा हट्ट अजून गेला नाही का?" वडील म्हणाले, "नाही. माझ्याकडे जे सर्वांत चांगले आहे, ते तुला मिळावे असे मला वाटते. घ्यायचे की नाही, ते तू ठरव." दोघांच्या मैत्रीला त्यामुळे बाधा आलेली नाही.

कायद्याचा_विद्यार्थी

एक मुद्दा थोडक्यात. संविधानाच्या अनुच्छेद 25 ने धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याच वेळी 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की, प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार येत नाही. प्रार्थना करणे पूर्णपणे आपल्या अधिकारात आहे. परंतु दुसऱ्या व्यक्तीचे नाव, आजार, कर्ज किंवा घरगुती भांडण तिच्या संमतीवाचून ग्रुपवर टाकणे, हा तिच्या खासगी आयुष्यात केलेला हस्तक्षेप आहे. तो संदेश एका क्षणात कोठेही पुढे पाठवला जाऊ शकतो आणि त्याचा त्रास आपल्यापेक्षा त्या मित्राला अधिक होईल. तो ख्रिस्ती असता, तरी मी हेच म्हटले असते.

एक_उपासक

सर्वांचे लिखाण मी दोनदा वाचले. करवीरकन्या ताईंनी लिहिलेले तर फारच विचार करायला लावणारे आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा आग्रह मी धरणार नाही. प्रभूने तर दार लावून घेऊन एकांतात प्रार्थना करण्यास सांगितले आहे आणि ग्रुपला दार नसते.

तारणासाठी मागण्याबद्दल माझे मत कायम आहे आणि पंचगंगाकाठ यांच्या वडिलांनी मला त्यात बळच दिले. ते उघडपणे मागतात, म्हणूनच त्यांचे मागणे कोणाला खुपत नाही. संकोच करून अर्धे मागणारा माणूस उरलेले अर्धे मनात दडवून ठेवतो आणि नेमके तेच मित्राला फसवणुकीसारखे वाटते.

एका गोष्टीचे उत्तर मात्र मला अजून मिळालेले नाही. ज्या मित्राला विचारण्याची सोय नाही, जो दूर गेला आहे किंवा ज्याने आपल्याशी बोलणे टाकले आहे, त्याचे नाव सभेत घ्यायचेच नाही का? दोघांनी किंवा तिघांनी एकत्र येऊन मागण्याचे वचन आपल्याला आहे. ते ओझे एकट्यानेच वाहावे, असे मला वाटत नाही.

निवृत्त_परिचारिका

अशा मित्रासाठी एक-दोन विश्वासू माणसांना सोबत घ्यावे. सभा कशाला हवी? आमच्या विभागात आम्ही दोघी परिचारिका पाळी बदलताना औषधांच्या कपाटाजवळ उभ्या राहून प्रार्थना करत असू. खाटेचा क्रमांकही उच्चारत नसू. 'कोपऱ्यातल्या ताई' एवढे पुरे होत असे. देवाला पत्ता सांगावा लागत नाही.

शाहूपुरीकर

सर्वांचे आभार. येत्या शुक्रवारी संघापुढे पुढील गोष्टी मांडीन.

ज्याला आपण स्वतः विचारले आहे आणि ज्याने होकार दिला आहे, त्याचेच नाव सभेत घ्यावे; आणि काय मागावे, हेही त्यालाच विचारावे. ग्रुपवर कोणाचेही नाव किंवा अडचण टाकू नये. ज्याला विचारता येत नाही, त्याच्यासाठी दोघातिघांनी मिळून एकांतात प्रार्थना करावी. मित्राला ख्रिस्ताची ओळख व्हावी, ही आपली इच्छा त्याने विचारल्यास त्याच्यापासून लपवू नये. आणि त्याने विषय टाळल्यास पुन्हापुन्हा काढू नये. पेत्राने आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर देण्यास सांगितले आहे. म्हणजे विचारण्याचा हक्क समोरच्याचा आहे.

परिचारिकाताईंचा "देवाजवळ काय मागू?" हा प्रश्न मी सर्वांत आधी मांडणार आहे. कागदावर मित्राच्या नावापुढे त्याच्या तोंडचे मागणे लिहिता येत नसेल, तर ते नाव तूर्त बाजूला ठेवावे आणि त्या आठवड्यात त्याला भेटून यावे, असे मी सुचवीन. माझ्या स्वतःच्या यादीतल्या एका मित्राकडे उद्या संध्याकाळी जाणार आहे. त्याच्या वडिलांचे डायलिसिस सुरू झाल्याचे मला दुसऱ्याकडून कळले आहे.